एक जूनची साठी आणि वर्गाचा हजेरीपट

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आम्ही १९८२ साली तालुक्याच्या शाळेतून दहावीची परीक्षा दिली. आमच्या वर्गातील बऱ्याच जणांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९६६ अशी आहे, त्यामुळे येत्या १ जूनला सर्वांची साठी एकत्र साजरी करावी असे व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरले. पुण्या-मुंबईच्या पाचसहा मित्रांनी समिती केली आणि महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टवर दोन दिवस व एक रात्र, माणशी साडेसहा हजार रुपये, असा बेत जाहीर केला. सकाळी सामुदायिक साठीशांत, मग वर्गातील पाच सुवासिनींनी सर्व मित्रांचे औक्षण, मग प्रत्येकाचा परिचय आणि रात्री गाण्यांचा कार्यक्रम. खजिनदार म्हणून माझे नाव मला न विचारता घातले गेले. गेल्या महिन्यात समितीतील एकाने पैसे भरलेल्यांची आणि न भरलेल्यांची यादी ग्रुपवर टाकली. माझी बालमैत्रीण त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडली. तिने नववीत शाळा सोडली होती. तिच्याविषयी कोणीतरी लिहिले की, 'तशीही ती आपल्या बॅचची नव्हेच.' तेव्हापासून माझे मन या कार्यक्रमातून उडाले आहे. मी ही जबाबदारी सोडावी का? मैत्रिणीला कसे समजवावे? की या वयात असल्या गोष्टी मनाला लावून घेणे हाच पोरकटपणा आहे?"

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. यात पोरकटपणा काहीही नाही. तुमच्या मैत्रिणीची गरिबी आणि तिचे अर्धवट राहिलेले शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी चारचौघांत मांडल्या गेल्या आणि त्यावर कोणी हूं की चूं केले नाही, याचे वाईट वाटणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे. खजिनदारपद मात्र इतक्यात सोडू नका. ते न विचारता गळ्यात पडले हे खरे; पण ज्याच्या हाती हिशेब असतो त्याच्या शब्दाला कोणत्याही समितीत वजन असते, आणि तुम्हाला जे बदलायला हवे आहे ते बरेचसे हिशेबाच्या वहीतूनच बदलणार आहे. एकच गोष्ट पक्की धरा : हा कार्यक्रम, जे काहीही झाले तरी येणारच आहेत त्यांच्या सोयीने आखायचा नसून, यावे की न यावे अशा विचारात जे घरी बसले आहेत त्यांच्या सोयीने आखायचा आहे. तारीख, जागा, वर्गणी, औक्षण, परिचय, हे सगळे प्रश्न या एका कसोटीवर घासून पाहिले की त्यांची उत्तरे फारशी अवघड राहत नाहीत.

आता तुमच्या वर्गाच्या या १ जूनविषयी. तुमच्या पिढीतील किती तरी जणांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात, यावर नातवंडे हसतात. पण त्यामागची हकीकत तुम्हाला शिक्षिका म्हणून माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. घरी जन्मलेल्या मुलाची तारीख कोणी लिहून ठेवलेली नसे. आई सांगे ती 'भर श्रावणातला' किंवा 'थोरल्याच्या पाठचा, सुगीच्या दिवसांतला' एवढीच खूण. शाळेचे वर्ष जूनपासून, म्हणून प्रवेशाच्या वेळी वय पुरे भरावे अशा बेताने गुरुजी १ जून लावून मोकळे होत. तुम्ही पहिलीत गेलात ते साल १९७२, म्हणजे दुष्काळाचे. आईवडील खडी फोडायला दुष्काळी कामावर, घरात रेशनच्या मिलोची भाकरी, अशा दिवसांत मुलाची खरी जन्मतिथी शोधत बसायला सवड कोणाला होती? म्हणजे ज्या तारखेला तुम्ही सारे साठीचे होणार आहात, ती तारीख तुम्हाला घराने दिलेली नाही, शाळेने दिलेली आहे. ज्याला ती मिळाली तो त्या वर्गाचा, मग तो पुढे दहावी झालेला असो वा नसो. 'ती आपल्या बॅचची नव्हेच' असे लिहिणाऱ्या सद्गृहस्थांना एवढेच विचारायला हवे की साठ वर्षे पूर्ण होण्यासाठी दहावी उत्तीर्ण असण्याची अट कोणी घातली.

यावर उपाय अगदी कागदोपत्री आहे. मुख्याध्यापकांकडे रीतसर लेखी अर्ज करा आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहण्याची परवानगी मागा. शाळा सोडल्याचा दाखला ज्यावरून लिहिला जातो ते हे रजिस्टर शाळा कायम जतन करते. जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली ती वही उघडली की एकेका ओळीत एकेक मूल सापडेल : रजिस्टर क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आधी अंकी आणि मग अक्षरी, 'एक जून एकोणीसशे सहासष्ट', त्याखाली पुन्हा तेच, त्याखाली पुन्हा तेच, आणि पार उजवीकडे शाळा सोडल्याचे कारण. तिथे काहींपुढे 'दहावी उत्तीर्ण' असेल आणि काहींपुढे 'सतत गैरहजर' असे दोनच शब्द असतील. तुम्हाला शोधायची आहेत ती मुख्यतः ही दुसरी माणसे. जून १९७६ मध्ये पाचवीत दाखल झालेल्यांपासून सुरुवात करा आणि नंतर वर्गात येऊन मिळालेल्यांची नावे त्यात घाला. एक काळजी मात्र कटाक्षाने घ्या. त्या रजिस्टरात जात-धर्मासह पुष्कळ खासगी माहिती असते, त्यामुळे पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. एका साध्या वहीत फक्त नाव आणि गाव उतरवून घ्या.

मुलींचा शोध अधिक चिकाटीने करावा लागेल, कारण लग्नानंतर आडनाव बदलते, गाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही बदलते. त्यांचा माग माहेरच्या भावाकडून किंवा भावजयीकडून लागतो. समाजमाध्यमांवर तासन्‌तास शोधून लागत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी छातीवर लावायच्या नावपट्टीवरही शाळेत हाक मारत ते नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली शाळेतले आडनाव आणि गाव, एवढेच असावे. पद आणि पदवी तिथे नको.

तारखेबाबत समितीने पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही नीट पाहिलेली दिसत नाहीत. १ जून २०२६ हा सोमवार आहे. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी ३१ मे रोजी, कार्यक्रम घेतला तर नोकरी करणाऱ्या मुलांना आपल्या आईवडिलांना आणून सोडणे सोपे जाईल आणि सुट्टीमुळे शाळेचे वर्गही रिकामे असतील. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. या धोंड्याच्या महिन्यात लग्ने नसतात, त्यामुळे एखादे मंगल कार्यालय घ्यावे लागलेच तर ते सहज मिळेल. पण तुमच्या बहुतेक मैत्रिणींच्या मुलींची लग्ने झालेली असणार, जावयाला वाण देण्यासाठी बोलावण्याचे बेत त्यांच्या घरी याच दिवसांत शिजत असणार, तेव्हा त्यांना तारीख जितकी लवकर कळवाल तितके बरे. आणखी एक गोष्ट. राज्य सरकारच्या सेवेतले तुमच्यासारखे लोक अठ्ठावन्नाव्या वर्षी, ३१ मे २०२४ रोजीच मोकळे झाले. परंतु बँका आणि केंद्र सरकारच्या नोकरीत निवृत्तीचे वय साठ आहे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. अशा मित्रांचा कार्यालयातील निरोप समारंभ नेमका त्याच आठवड्याच्या अखेरीस असेल. त्यांना आधी विचारून घ्या. शेतकरी मित्रांच्या दृष्टीनेही पेरणीची घाई सुरू होण्याआधीचा हा दिवस त्यातल्या त्यात बरा आहे.

जागेविषयी मला शंकाच वाटत नाही. रिसॉर्ट नको, शाळाच हवी. मे महिन्याच्या अखेरीस महाबळेश्वरला हंगामाची गर्दी आणि हंगामाचे दर असतात, हे एक कारण झाले. पण मोठे कारण रात्रीच्या मुक्कामाचे आहे. साठीच्या बाईला घरातून एक दिवस बाहेर पडणे जमते, रात्र काढणे अनेकींना जमत नाही. कोणाकडे अंथरुणाला खिळलेली सासू असते, कोणाकडे पती डायलिसिसवर असतात, कोणाला गुरांच्या धारा काढायच्या असतात, आणि काहींना 'रात्री मित्रांबरोबर कुठे?' या प्रश्नाला या वयातही उत्तर द्यावे लागते. शिवाय रात्रीचा 'गाण्यांचा कार्यक्रम' पुष्कळदा कशाने सुरू होतो आणि कुठे जाऊन संपतो, हे मी इथे लिहायला हवे असे नाही. सकाळी साडेनऊ ते दुपारी चार हा वेळ पुरेसा आहे. ज्यांना महाबळेश्वरला जायचेच आहे त्यांनी सोमवारी आपल्या खर्चाने आनंदाने जावे. त्या सहलीचा या कार्यक्रमाच्या वर्गणीशी आणि तुमच्या वहीशी काहीही संबंध ठेवू नका.

वर्गणीचे दोन भाग करा. पहिला भाग सर्वांना सारखा आणि शक्य तितका लहान असावा. त्यात फक्त जेवण, चहा-नाश्ता आणि मांडवाचा खर्च बसावा. शाळेच्या आवारात, गावातल्या आचाऱ्याकडून पंगत केली तर हा आकडा साडेसहा हजारांच्या आसपासही जाणार नाही. दुसरा भाग पूर्णपणे ऐच्छिक ठेवा. ज्याला जे द्यायचे ते त्याने तुमच्याकडे किंवा तुमच्या एका सहकाऱ्याकडे द्यावे, आणि कोणी किती दिले हे तुम्हा दोघांखेरीज कोणालाही कळू नये. ज्यांना लहान रकमेचीही अडचण आहे त्यांचा वाटा या ऐच्छिक रकमेतून परस्पर भागेल. त्यासाठी कोणाचे नाव घ्यावे लागणार नाही की कोणाला हात पसरावा लागणार नाही. भरलेले आणि न भरलेले अशी यादी पुन्हा कधीही ग्रुपवर येणार नाही, ही अट समितीच्या पुढच्या बैठकीत घाला आणि ती मान्य झाल्यावरच पैसे स्वीकारा. ज्यांनी आधीच साडेसहा हजार भरले आहेत त्यांना वरची रक्कम परत करा, किंवा तिचे काय करायचे ते ज्याला त्याला खासगीत विचारा. पैसे तुमच्या पेन्शनच्या खात्यात मुळीच घेऊ नका. दोघांच्या नावे वेगळे बचत खाते असू द्या. जाण्यायेण्याच्या खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही : एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी उलटलेल्या गुरुजनांना राज्यात प्रवास मोफत आहे. शाळेला कमान बांधून देणे, संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावे कोरणे, असे प्रस्ताव आले तर ते या वर्षापुरते बाजूला ठेवा.

साठीशांतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा विषय नाजूक आहे आणि कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता तो सुटण्यासारखा आहे. आपल्याकडे साठीचे महत्त्व संवत्सरांच्या चक्रातून आले आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे संपली की जन्माच्या वेळचे संवत्सर पुन्हा येते. तुम्ही जून १९६६ चे, म्हणजे शके १८८८ चे. त्या वर्षाचे नाव पराभव, आणि यंदा १९ मार्चच्या गुढीपाडव्याला सुरू होणाऱ्या शके १९४८ चे नावही पराभवच. (हे नाव फलकावर लिहू नका, एवढीच विनंती.) पण षष्ट्यब्दीची शांत ही ज्याची त्याने, पतिपत्नींनी मिळून, जन्मतिथी पाहून घरी करायची असते. तुमच्यातल्या बहुतेकांची खरी तिथी १ जूनची नाहीच, आणि अधिक मासात असली कार्ये बहुतेक घरांत टाळली जातात, म्हणजे समितीचा बेत ज्या शास्त्राचा आधार घेतो त्याच शास्त्रात तो बसत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की तुमच्या वर्गात मुसलमान असतील, बौद्ध असतील, आणि पतिपत्नींनी बसायचे म्हटल्यावर ज्यांचा जोडीदार हयात नाही ते कुठे बसणार? ज्यांना शांत करायची आहे त्यांनी ती घरी अवश्य करावी. वर्गाच्या कार्यक्रमात ती नको.

औक्षणाच्या बेताने मात्र मी खरोखर थक्क झाले. साठी काय फक्त मुलग्यांनाच लागते? त्या पाच सुवासिनीही त्याच दिवशी साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना कोण ओवाळणार? आणि ज्या वर्गमैत्रिणींना वैधव्य आले आहे त्यांनी त्या वेळी भिंतीला टेकून उभे राहायचे की काय? औक्षण हवेच असेल तर कणकेचे साठ दिवे एका मोठ्या परातीत लावा, पहिला दिवा हयात असलेल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंच्या किंवा सरांच्या हस्ते लावून घ्या, आणि मग ज्याला दिवा लावायचा आहे त्याने तो लावावा, बाई असो की पुरुष, सवाष्ण असो की नसो. ज्यांना यात भाग घ्यायचा नाही त्यांनी नुसते टाळ्या वाजवल्या तरी पुरे. हे तुम्ही बैठकीत बोललात तर विरोध होईल असे मला वाटत नाही. पुष्कळांना ते मनातून खुपलेलेच असेल.

गुरुजन आता ऐंशीच्या पुढचे असणार. त्यांना तीन तास व्यासपीठावर बसवून दहा भाषणे ऐकवणे हा सत्कार नव्हे. त्यांच्या मुला-सुनांना आधी विचारा, सकाळचा तासभरच आणा, हाताच्या खुर्च्या आणि जवळचे स्वच्छतागृह एवढी सोय पाहा, आणि ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी आदल्या दिवशी चौघांनी जाऊन शाल-श्रीफळ द्या. दिवंगत वर्गमित्रांची नावे सुरुवातीलाच उभे राहून वाचा. त्यांच्या घरच्यांना त्याआधी कळवलेले असावे.

परिचयाचा कार्यक्रम हीच खरी अवघड जागा आहे. माईक हातात आला की पहिला माणूस आपले पद सांगतो, दुसरा मुलाचे पॅकेज सांगतो, तिसरा सुनेची परदेशातली नोकरी सांगतो, आणि मागच्या बाकावर बसलेला जो उसाच्या फडात किंवा दुसऱ्याच्या दुकानात आयुष्य काढून आला आहे तो माईक आपल्यापर्यंत येण्याच्या आत पाणी प्यायला उठतो. म्हणून परिचयाचे प्रश्न आधीच ठरवून द्या आणि ते शाळेपुरतेच ठेवा : कोणत्या गावाहून किती चालत येत होतात, बाकावर शेजारी कोण बसे, कोणत्या सरांचा मार खाल्लात. या प्रश्नांची उत्तरे सर्वांकडे असतात, आणि नववीत शाळा सोडलेल्याकडे ती बहुधा अधिक चांगली असतात. सूत्रसंचालन समितीतल्या कोणाकडे न देता वर्गाचा हजरजबाबी विदूषक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एखाद्याकडे द्या. असा एक जण प्रत्येक वर्गात असतोच.

आता तुमची मैत्रीण. तिला फोन करू नका, तिच्या घरी जा, आणि वर लिहिलेले निदान वर्गणीचे आणि यादीचे बदल समितीकडून मान्य करून घेतल्यावरच जा. त्याआधी गेलात तर तुमच्याजवळ सांगण्यासारखे समजुतीपलीकडे काही नसेल, आणि समजूत तिला नको आहे. 'तुझे पैसे मी भरते' हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. तुम्ही ते प्रेमाने म्हणाल, पण तिला त्यात पुन्हा ती यादीच ऐकू येईल. झाले ते वाईट झाले, मी त्या वेळी तिथे होते आणि ते थांबवायला हवे होते असे मला वाटते, एवढे सरळ सांगा. लिहिणाऱ्याची बाजू मांडू नका. रजिस्टरवरून उतरवलेली नावांची वही बरोबर न्या. तिच्या वाडीवस्तीवरून येणाऱ्या ज्या मुली मध्येच शाळेतून गळाल्या त्या आज कुठे आहेत, हे समितीतल्या कोणाहीपेक्षा तिलाच अधिक माहीत असेल. ही मदत तुम्हाला खरोखर हवी आहे, म्हणून ती मागा. ज्याने ते वाक्य लिहिले त्याने तिची क्षमा मागावी असे वाटत असेल तर ती त्याने फोन करून मागावी, ग्रुपवर नव्हे. एवढे करूनही ती 'मी येत नाही' म्हणाली तर पुन्हा आग्रह करू नका. तिचे नाव मात्र वहीत आणि नावपट्टीवर राहू द्या.

हे सारे एकदम मांडायला गेलात तर समितीशी वादच होईल. म्हणून ग्रुपवर टाकायच्या निवेदनाचा मसुदा तुम्हीच लिहून बैठकीत ठेवा. तयार मजकूर समोर असला की लोक त्यातल्या शब्दांवर चर्चा करतात आणि बेत आपोआप मान्य होऊन जातो. मसुदा साधारण असा असावा :

"जून १९७६ पासून आपल्या वर्गात जे जे शिकले, दहावीपर्यंत असोत वा मध्येच शाळा सोडलेले असोत, ते सर्वजण आता साठीचे होत आहेत. रविवार, दिनांक ३१ मे २०२६ रोजी सकाळी साडेनऊ ते दुपारी चार या वेळेत आपण शाळेतच जमणार आहोत. आपल्या गावातील किंवा माहितीतील ज्या वर्गमित्रांपर्यंत व वर्गमैत्रिणींपर्यंत हा निरोप पोहोचलेला नाही, त्यांना तो आपण स्वतः भेटून द्यावा आणि त्यांचे नाव-गाव आम्हाला कळवावे."

या निवेदनात वर्गणीचा उल्लेख करू नका. ती रक्कम नावे गोळा झाल्यावर, निदान आठवडाभराने, स्वतंत्रपणे कळवा.